आयपीला पिंग जातो, नावाला जात नाही: छोट्या लिनक्स बोर्डावरची हरवलेली लायब्ररी

काटोलजवळच्या संत्राबागेत मातीचा ओलावा मोजणारा बोर्ड बसवला. नागपुरात टेबलावर महिनाभर चालला होता, कारण तिथे सर्व्हरचा नुसता आयपी दिला होता. बागेत सर्व्हरचं नाव दिलं आणि पिंग (जोडणी तपासायची आज्ञा) म्हणतो ‘बॅड अ‍ॅड्रेस’. मित्र ओरडला, “टॉवर तर फुल्ल आहे ना बे!” टॉवरचा दोष नव्हता. जागा वाचवायला लायब्रऱ्या मीच छाटल्या होत्या.

आधी निदान. आयपीला पिंग जातो पण नावाला नाही, फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -एल’मध्ये मालकाच्या जागी ‘रूट’ऐवजी 0 दिसतो, तर संशय एनएसएसवर, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या यंत्रणेवर घ्या. जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) वापरकर्त्याचं किंवा होस्टचं नाव शोधताना ईटीसीमधली ‘एनएसस्विच.कॉन्फ’ वाचते आणि त्यात लिहिलेली लायब्ररी प्रोग्रॅम चालू असताना उघडते. म्हणून प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या सांगणाऱ्या ‘एलडीडी’च्या यादीत ती दिसतच नाही. ती यादी धरून छाटलं, की फसलात.

आता आवृत्ती बघा. जीलिबसी 2.34 पासून (2021) ‘फाइल्स’ (बोर्डावरच्या फाइलींत नाव शोधणारा) आणि ‘डीएनएस’ (नेटवर्कवरच्या नेमसर्व्हरला विचारणारा) हे दोन्ही भाग मुख्य लायब्ररीतच आहेत. त्याआधीची असेल तर ‘लिबएनएसएस_फाइल्स.एसओ.2’, ‘लिबएनएसएस_डीएनएस.एसओ.2’ आणि दुसरीला लागणारी ‘लिबरिझॉल्व्ह.एसओ.2’ बोर्डावर टाका. त्या क्रॉस-टूलचेनच्या (बोर्डासाठी प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनांच्या) सिसरूटमधूनच, म्हणजे तिच्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरमधूनच घ्या, लॅपटॉपवरून उचलू नका. कॉपी करताना ‘.एसओ.2’ नावाची लिंक सुटू देऊ नका. मी एकदा सोडली आणि अर्धा दिवस गेला.

मग ‘एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये तीन ओळी पुरतात: ‘पासवर्ड: फाइल्स’, ‘ग्रुप: फाइल्स’, ‘होस्ट्स: फाइल्स डीएनएस’ (अर्थात फाइलमध्ये रोमन लिपीतच, आणि पासवर्डचं स्पेलिंग ‘passwd’). ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये नेमसर्व्हर आहे ना, तेही बघून घ्या.

स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्याच फाइलमध्ये भरून, सुटका होईल असं वाटतं. जुन्या जीलिबसीत होत नाही. नावाचा आयपी शोधणारं ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ वापरलं की लिंकर बजावतो, की चालताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्रऱ्या लागतील. ही सूचना आपण सगळेच वर सरकवून देतो. खरोखर एकच फाइल हवी असेल तर मसल ही जीलिबसीऐवजीची छोटी सी लायब्ररी वापरा. तिच्यात एनएसएस नाही, ती पासवर्ड, होस्ट्स आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ थेट वाचते. छोट्या बोर्डासाठी मी आता तीच घेतो.

तपासणी बिझीबॉक्सच्या (छोट्या बोर्डांवरचा, अनेक आज्ञा एकत्र असलेला प्रोग्रॅम) भरवशावर करू नका. त्यात पासवर्डची फाइल वाचायची स्वतःची सोय चालू असेल तर ‘हूअ‍ॅमआय’ छान ‘रूट’ सांगतो, आणि तुमचा प्रोग्रॅम मात्र अडलेलाच असतो. आपलाच प्रोग्रॅम ‘एसट्रेस’खाली (तो सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) चालवा आणि फाइल उघडण्याच्या, म्हणजे ‘ओपनअ‍ॅट’च्या ओळी वाचा. माझ्याकडे ‘लिबएनएसएस_डीएनएस’पुढे ‘ईनोएंट’ होतं, म्हणजे फाइलच नाही. ती टाकली, बोर्ड रीस्टार्ट केला, आणि ओलाव्याचा पहिला आकडा मोबाइलवर आला.