ॲलर्जी असलेला लहान पाहुणा मुक्कामाला येणार असेल, तर स्वयंपाकघरातील या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी जवळ आली, की ठाण्यातील आमच्यासारख्या घरांत भाचरे, पुतणे आणि त्यांचे मित्र-मैत्रिणी मुक्कामाला येऊ लागतात. त्यांतील एखाद्याला शेंगदाणा, दूध, अंडे किंवा गहू चालत नाही, असे त्याच्या आईवडिलांनी आधीच कळवलेले असते. घरातील मंडळी त्या पदार्थांची नावे लक्षात ठेवतात, ते करायचे नाहीत असे ठरवतात आणि निश्चिंत होतात. खरी काळजी त्यानंतर सुरू व्हायला हवी, कारण अशा मुलाला अनेकदा अपाय होतो तो कुटाच्या डब्यात बुडालेल्या चमच्याने, कालच्या तळणाच्या तेलाने किंवा कोणीतरी मायेने भरवलेल्या एका घासाने.

पुढील विवेचनात मी मुख्यतः आमच्या भाचीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले आहे. तिला शेंगदाणा आणि दूध या दोन्हींची ॲलर्जी आहे. शिवाय तिने स्वतःच्या इच्छेने मांसाहार सोडला आहे आणि आमच्या घरी बुधवार, शुक्रवार व रविवार हे मासळीचे वार आहेत.

अर्धवट चौकशी

एखादा पदार्थ का चालत नाही हे न विचारता केलेली तयारी अपुरी पडते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे ही पोटाची तक्रार आहे. अशा मुलाला थोडे दही किंवा लॅक्टोज काढलेले दूध बहुधा सोसते. दुधाच्या ॲलर्जीत मात्र शरीर दुधातील प्रथिनांवर उलटते आणि ती प्रथिने लॅक्टोज काढलेल्या दुधातही असतातच. म्हशीचे सोसत नसेल तर गाईचे द्यावे, गाईचे नको तर शेळीचे द्यावे, हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे धोक्याचा ठरतो, कारण या तिन्ही दुधांतील प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. साजूक तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. त्यामुळे वरणभातावरची तुपाची धार, पुरणपोळीवरचे तूप आणि पोळीला लावलेला तुपाचा हात हे सर्व वर्ज्य समजावे.

चौकशी मुलाकडे न करता आईवडिलांकडे करावी आणि उत्तरे लेखी मागवावीत. शाकाहारी असल्यास अंडे चालते का, जैन असल्यास कंदमुळे आणि सूर्यास्तानंतरचे जेवण यांविषयी काय नियम आहे, मागच्या वेळी त्रास झाला तेव्हा तो किती तीव्र होता, कोणती औषधे सोबत आहेत, हे सगळे मूल घरी येण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. घरी स्वयंपाकाला मावशी येत असतील, तर त्यांनाही कारणासह सर्व सांगावे, कारण फोडणी शेवटी त्यांच्याच हातची असते.

कूट कोठे कोठे आहे, याचा अंदाज नसणे

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा सर्वत्र असतो. साबुदाण्याच्या खिचडीत तो दिसतो, परंतु काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची पातळ भाजी आणि घट्टपणासाठी मूठभर कूट घातलेल्या अनेक रस्सेभाज्या यांत तो सहज नजरेआड होतो. चतुर्थी किंवा एकादशी असेल, तर वरईच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी ठरलेलीच असते आणि त्या दिवशी घरातील जवळजवळ प्रत्येक भांड्याला कूट लागते. शेंगदाणा भाजल्याने किंवा उकळल्याने निर्धोक होत नाही. भाजल्यावर त्यातील ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने अधिकच प्रभावी होतात.

म्हणून माझे मत असे आहे, की पाहुणे मूल घरी असेपर्यंत संपूर्ण घराने कूट बंद ठेवावे. एकासाठी वेगळे आणि बाकीच्यांसाठी नेहमीचे असे दोन स्वयंपाक लहान ओट्यावर शेजारी शेजारी चालवले, की चमचा केव्हा ना केव्हा इकडचा तिकडे जातो. कुटाचा डबा घट्ट बंद करून माळ्यावर ठेवावा आणि मिसळणाचा डबा रिकामा करून, साबणाने धुऊन, नव्याने भरावा. मिक्सरचे भांडे धुताना झाकणाची रबरी कडी आणि पात्याखालची खाच यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चटणीचा अंश तेथेच अडकतो. हात साबण आणि पाण्यानेच धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, परंतु शेंगदाण्याची प्रथिने हातावरच राहतात.

कुटाऐवजी ओले किंवा सुके खोबरे वापरल्यास भरली वांगी तितकीच चवदार होतात. डाळव्याचे पीठही रस्सा चांगला धरते, परंतु शेंगदाण्याप्रमाणे हरभराही शेंगवर्गातील असल्याने तो मुलाला चालतो ना, हे आधी विचारावे. तिळाचे कूट मात्र स्वतःच्या मनाने घालू नये, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना तिळाचीही असते, आणि गोडा मसाल्यात तीळ असतोच.

तेल, तवा आणि गिरणी

अलीकडे ठाण्यात आणि नवी मुंबईत लाकडी घाण्याचे तेल आवडीने घेतले जाते. ते पौष्टिक असेल, परंतु घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचे अंश राहतात. मुलाच्या मुक्कामात सूर्यफुलाचे किंवा खोबरेल तेल वापरणे सोपे आणि निर्धास्त आहे. तळणाचे तेल जपून पुन्हा वापरण्याची सवय या काळात सोडावी. ज्या कढईत कोळंबी तळली, त्याच तेलात दुसऱ्या दिवशी बटाटेवडे तळले, तर शाकाहारी मुलाचा नेम मोडतो, आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावरही बेतू शकते. मासळीची किंवा कोळंबीची तीव्र ॲलर्जी असेल, तर ती शिजतानाची वाफ श्वासात गेल्यानेही त्रास होऊ शकतो, म्हणून तेवढे दिवस मासळीचे वार सोडून द्यावेत. केवळ शाकाहाराचा प्रश्न असेल, तर वेगळी कढई, वेगळा झारा आणि वेगळा तवा पुरेसा होतो.

गहू चालत नसेल तर भाकरी आहेच, असे वाटते. तथापि गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर त्या पिठात गहू उतरतो. बाजारातील बहुतेक खड्या नसलेल्या हिंगातही गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

पाकिटावरील हिरव्या ठिपक्यावर विसंबणे

हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, त्यात दूध नसल्याचे नव्हे. पावात, बिस्किटांत आणि चॉकलेटात दुधाची पावडर असू शकते, म्हणून घटकांची यादी वाचणे अपरिहार्य आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त, म्हणजे गव्हासारखी, धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, अंडे, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन, दूध आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट (अन्न टिकवण्यासाठीचे रसायन) यांचा ॲलर्जीकारक म्हणून वेगळा उल्लेख करावा लागतो. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत, आणि पाकिटावर नुसते ‘मसाले’ असे लिहिलेले असू शकते. वाण्याकडून सुटे आणलेले बेसन, रवा किंवा फरसाण यांना तर लेबलच नसते, आणि एकच माप अनेक पोत्यांतून फिरलेले असते. असे जिन्नस या काळात पाकीटबंद घ्यावेत.

आग्रह आणि बाहेरचे खाणे

ठाण्यात आलेल्या पाहुण्याला मिसळ खायला न्यावे, असे आम्हा सर्वांनाच वाटते. परंतु मिसळीवरच्या फरसाणात बहुधा शेंगदाणे असतात आणि वडापावाच्या सुक्या लसूण-चटणीतही ते अनेकदा असतात. ‘यात दाणे नाहीत ना?’ या प्रश्नाला गर्दीच्या वेळी मिळणाऱ्या उत्तरावर मूल सोपवू नये. त्यापेक्षा घरी उकडीचे मोदक करावेत. तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ एवढ्यावर ते होतात, उकडीत आणि वरून तूप न घातल्याने त्यांचे काही बिघडत नाही, आणि सारे घर एकाच पंगतीत बसून ते खाऊ शकते. ओल्या नारळाच्या दुधाची सोलकढी आणि घावनेही तशीच. मुलाला आपले ताट वेगळे वाटू नये, याची मला विशेष आस्था आहे.

शेजारून फराळाचे ताट येते, सोसायटीत सत्यनारायणाचा तूप-दुधाचा प्रसाद असतो आणि आजी म्हणतात, ‘देवाचा प्रसाद आहे, एवढ्याने काही होत नाही.’ अशा वेळी यजमानाने स्वतः पुढे होऊन, प्रसाद मुलाच्या वतीने कपाळाला लावून आपण घ्यावा. नकार देण्याचा भार दहा-बारा वर्षांच्या मुलावर टाकणे योग्य नाही. मुलाने ‘मला नको’ म्हटले, की दुसऱ्यांदा विचारू नये.

त्रास झाल्यावर वाट पाहणे

अंगावर पित्त उठणे, ओठ वा डोळे सुजणे, वारंवार उलटी, आवाज बसणे, धाप लागणे, गळून जाणे ही लक्षणे खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच, क्वचित एक-दोन तासांनी दिसू लागतात. श्वास, घसा किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसला, तर अंगावरील पित्तासाठीची ॲलर्जीची गोळी देऊन थांबू नये. ती खाज कमी करते, परंतु जीवघेणी प्रतिक्रिया रोखत नाही. तेथे पहिला उपचार ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनचा. डॉक्टरांनी ते मुलासोबत दिले असेल, तर कसे टोचायचे हे आईवडिलांकडून आधीच शिकून घ्यावे आणि वेळ येताच मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावे. मुलाला चालवू नये. पाय उंच करून आडवे झोपवावे, आणि धाप लागली असेल तर बसते ठेवावे.

त्याच क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी किती वेळ जातो हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको, म्हणून चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे मूल येण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. इंजेक्शननंतर बरे वाटले तरीही रुग्णालयात जावेच आणि डॉक्टर सांगतील तितके तास देखरेखीखाली थांबावे, कारण ओसरलेली लक्षणे काही तासांनी पुन्हा उफाळू शकतात.