पक्कं लायसन्स आलं, आता एक्सप्रेस-वेला कधी?

बडोद्यात मुलीच्या किंवा मुलाच्या हातात पक्कं लायसन्स पडलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "मग अहमदाबादला आत्याकडे कधी नेतेस?" गंमत अशी की कायद्याने तुम्ही दुसऱ्याच दिवशी अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेस-वेने जाऊ शकता. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारी लायसन्स असलेला, गाडी शिकवणारा माणूस लागतोच. टेस्ट पास झाली की ही सगळी बंधनं एका दमात संपतात. नवीन चालकाला वेगळी वेगमर्यादा नाही, रात्रीची बंदी नाही, वेगळी पाटी नाही.

आणि टेस्ट कसली, तर दरजीपुऱ्याच्या आरटीओ ट्रॅकवर गाडीने आठचा आकडा काढायचा, रिव्हर्स घ्यायचा, चढावर गाडी मागे येऊ द्यायची नाही. सेन्सर लावलेले असतात, त्यामुळे वशिला चालत नाही हे खरं. पण तिथे तिसरा गिअर टाकायची वेळसुद्धा येत नाही. ज्याने ८०चा वेग कधी पाहिला नाही, त्याला सरकार एक्सप्रेस-वे उघडा करून देतं.

माझा मावसभाऊ लेस्टरला असतो. इंग्लंडमध्ये लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा कच्च्यापासून सुरुवात. हातात फोन धरून गाडी चालवताना पकडलं तर एकदमच सहा पॉइंट. मोटरवेवर शिकाऊ चालकाला २०१८पासून जाता येतं, पण फक्त मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर आणि दोघांकडे ब्रेक असलेल्या गाडीतून. उत्तर आयर्लंडमध्ये तर नव्या चालकाने वर्षभर 'आर'ची (रिस्ट्रिक्टेड) पाटी लावून ताशी ४५ मैलांच्या आतच राहायचं. आपल्याकडे यातलं काही नाही, म्हणून पायऱ्या आपणच पाडायच्या असं मी ठरवलं.

पहिली पायरी माझ्या मते डभोईचा रस्ता. रविवारी पहाटे निघून गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं आणि ऊन व्हायच्या आत परत. आईबाबा खूश, आपली प्रॅक्टिसही होते. रस्ता रुंद आहे, पण मधूनमधून गावं लागतात, म्हणून वेग आपोआप साठ-सत्तरवर राहतो. चौथ्या-पाचव्या गिअरची सवय लागते, मागून येणाऱ्याचा अंदाज आरशात येऊ लागतो. दत्तजयंती, गुरुपौर्णिमा आणि सुट्ट्या मात्र टाळा. केवडियाला स्टॅच्यू ऑफ युनिटी बघायला जाणारी गर्दी त्याच रस्त्याला असते.

एक्सप्रेस-वेची भीती बरेच जण चुकीच्या कारणाने घालतात. उलट अहमदाबादलाच जाणाऱ्या ४८ नंबरच्या साध्या हायवेपेक्षा तो एका अर्थी सोपा आहे. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही, समोरून कोणी येत नाही, चोकड्या (चौक) नाहीत. अवघड आहे ते चढणं. आणंद किंवा नडियादहून रॅम्पवर आलात की नवशिका हमखास टोकाला जाऊन थांबतो आणि मान वळवून बघत बसतो. मग शून्यावरून उठून ९०च्या रांगेत घुसायचं, म्हणजे संकटाला आमंत्रणच. वेग रॅम्पवरच वाढवायचा. तिसरा, चौथा, उजवा इंडिकेटर आधीच चालू, आरसा, आणि मग उजव्या खांद्यावरून एक नजर. ती नजर चुकवू नका, कारण तुमच्या मागच्या दाराशी आलेली गाडी आरशात दिसत नाही. फट दिसली की डाव्या लेनमध्ये शिरायचं आणि तिथेच राहायचं.

उजवी लेन ओव्हरटेकसाठी, हे पुस्तकात. प्रत्यक्षात लोडेड ट्रक डिव्हायडरला चिकटून निवांत चाललेला असतो. डावीकडून काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, काढतातही. पण ट्रकवाल्याला डावीकडचं फार कमी दिसतं, आणि तुम्हाला वाट द्यायला तो नेमका त्याच वेळी डावीकडे येऊ शकतो. मी डिपर मारते आणि अंतर ठेवून वाट बघते. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे.

वेगाचं म्हणाल तर केंद्राने २०१८मध्ये एक्सप्रेस-वेवर कारसाठी कमाल १२० ठरवले, तरी रस्त्यावरच्या फलकावर जो आकडा असेल तोच तुमचा. आमचे काका शेजारी बसले की, "अगं, रोड मोकळा आहे, दाब की!" त्यांना मी हिशेब करून दाखवला. एक्सप्रेस-वे ९३ किलोमीटरचा. ८०ने गेलं तर ७० मिनिटं, १००ने गेलं तर ५६. वाचतात चौदा मिनिटं. "हात्तिच्या, एवढीच?" म्हणून ते गप्प झाले. १००च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात आणखी दोन आकडे मोजा, आणि चारही इंडिकेटर लावून चालू नका. मागच्याला तुम्ही वळताय की नाही हेच कळत नाही.

एक्झिट चुकली तर चुकली. आणंद गेलं तर नडियादला उतरा. कडेने रिव्हर्स घेणारे महाभाग रोज दिसतात, त्यांच्यात सामील होऊ नका. गाडी बंद पडली तर डाव्या कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावा (ते याचसाठी आहेत), सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रेलिंगपलीकडे उभं करा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि १०३३ला फोन लावा. गाडीत बसून राहायचं नाही, एसी कितीही गार असला तरी.

निघायच्या आधी टायरची हवा, स्टेपनीचीही, गाडी थंड असताना तपासा. बडोद्याच्या मे महिन्यात कमी हवेचा टायर एक्सप्रेस-वेवर फुटायला वेळ लागत नाही. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना तेही बघा. आणि परतताना दुमाडला, म्हणजे बडोद्याच्या टोकाला, उतरलात की स्पीडच्या काट्याकडे लक्ष ठेवा. तासभर ९०ने आल्यावर ६० म्हणजे रांगतोय असं वाटतं, आणि नेमकी तिथेच राँग साइडने रिक्षा समोर येते.