बडोद्यात राहून मराठी कादंबरी स्वतः प्रकाशित करताना

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्या आणि ती स्वतःच प्रकाशित करू पाहणाऱ्या लेखकाला मी सर्वप्रथम विचारतो, की गेल्या महिन्यात आपण काय वाचले? प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचून ते परत पाठवणारा किंवा त्यातली चाळीस पाने कापायला लावणारा एक जाणता माणूस असतो. स्वतंत्र लेखकाला तो माणूस स्वतःतच घडवावा लागतो, आणि सततच्या वाचनाशिवाय तो घडत नाही.

बडोद्यात या वाचनाची सोय चांगली आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि पुढे संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालय ही त्याच कामाची आजही चालू असलेली खूण आहे, आणि तेथे गुजरातीच्या जोडीने जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. तेथून आणलेली कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्यांदा केवळ आनंदासाठी वाचावी. दुसऱ्यांदा वही घेऊन बसावे आणि प्रसंग कोठे बदलतो, मधली दहा वर्षे लेखकाने किती ओळींत ओलांडली, संवादात बोलणाऱ्याचे नाव न घेताही तो कसा ओळखू येतो, एवढेच टिपावे. जुन्या पुस्तकांवरच मात्र थांबू नये. आज लिहिणाऱ्यांची नवी पुस्तके विकत घेऊन वाचावीत, कारण आपला वाचक तीच वाचून आपल्याकडे येणार आहे.

लिहायला बसल्यावर येथील लेखकापुढे उभा राहणारा पहिला निर्णय भाषेचा असतो. दांडिया बाजारात तीन पिढ्या राहिलेली मराठी बाई शेजारणीला निरोप देताना ‘आवजो’ म्हणते आणि दार लावून घेतल्यावर मुलाला शुद्ध मराठीत रागावते. हे कादंबरीत जसेच्या तसे यावे, असे माझे ठाम मत आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे, संवाद मात्र घरात आणि पोळीत, म्हणजे येथील जुन्या गल्लीवजा वस्तीत, जसे बोलले जातात तसे ठेवावेत. तळटिपा देऊ नयेत. प्रसंग नीट रचला असेल, तर साताऱ्याच्या वाचकालाही अर्थ लागतो.

पहिला खर्डा झाल्यावर तो काही आठवडे बाजूला ठेवावा आणि मग तीन प्रकारच्या वाचकांना द्यावा: एक बडोद्याचा, एक या शहरात कधीही न राहिलेला आणि एक त्याच प्रकारच्या कादंबऱ्या भरपूर वाचणारा. त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ असेच येते. ‘कोणत्या पानावर खाली ठेवलेत?’ आणि ‘कोणते पात्र दुसऱ्याशी गल्लत होण्यासारखे वाटले?’ असे विचारावे. दोघांनी एकच पान सांगितले, तर तेथे दुरुस्ती करावीच लागते. मग लेखकाला ते पान कितीही प्रिय असो.

त्यानंतर मुद्रितशोधन. स्वतंत्र पुस्तकांची सर्वांत मोठी उणीव येथेच राहते, म्हणून एकंदर खर्चात काटकसर करायची असेल तर ती मुखपृष्ठाच्या चकाकीत करावी, मुद्रितशोधकाच्या मानधनात करू नये. येथील बहुतेक अक्षरजुळणीकारांचा हात गुजरातीवर बसलेला असतो, त्यामुळे मराठी मजकुरात ठरावीक जागी चुका होतात. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ पडला, की डोंगरातला प्रवास थेट समुद्रावर जातो. ‘आचाऱ्यांनी’चे ‘आचार्यांनी’ झाले, की स्वयंपाकघरात गुरुजी अवतरतात. असे शब्द शोधून-बदलून एका फटक्यात दुरुस्त करता येत नाहीत, कारण दोन्ही रूपे बरोबर असतात, ती एकेक करून डोळ्यांनीच पाहावी लागतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे मराठी हवीत, हिंदी नव्हेत, हेही जुळणीकाराला आधीच सांगावे. काही युनिकोड फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली, की ही वळणे आपोआप येतात. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर जोडाक्षरे फुटलेली असण्याची शक्यता गृहीत धरूनच वाचावे. शेवटचे वाचन कागदावर आणि मोठ्याने करावे, कारण पडद्यावर डोळा जे गाळतो त्यावर जीभ अडखळते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, मिळवण्यासाठी शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्याला शुल्क नाही. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. छपाईला देण्यापूर्वी पृष्ठसंख्या १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या संचांत, बसवून घ्यावी, म्हणजे शेवटी कोरी पाने उरत नाहीत. कादंबरीसाठी डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकार आणि डोळ्यांना त्रास न देणारा, किंचित पिवळसर छटेचा कागद योग्य ठरतो. ऑफसेटवर मोठी आवृत्ती काढली तर प्रतीमागे खर्च कमी पडतो हे खरे, पण पहिल्या पुस्तकाला तो मोह टाळावा. डिजिटल छपाईवर शंभर-दीडशे प्रती काढाव्यात आणि त्या संपल्या की पुन्हा छापाव्यात.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या मंडळींशी करार करण्याची वेळ आली, तर हक्कांचे कलम दोनदा वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन पूर्ण होताच हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. एवढा दीर्घ हक्क छपाईच्या बिलासोबत कोणाला देऊन टाकू नये.

किंमत ठरवताना विक्रेत्याची सवलत आधी धरावी. ती अनेकदा एक तृतीयांशाच्या घरात जाते, आणि टपालखर्च वेगळा. शहरातील मराठी मंडळे आणि मराठी वाङ्मय परिषद यांच्या कार्यक्रमांत थेट विक्री केल्यास हा भाग वाचतो, शिवाय वाचक समोर भेटतो. शहराबाहेर नाव पोहोचवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही दिवाळी अंक हाच आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही नव्या कथाकाराला महाराष्ट्रभरचा वाचक देते, मात्र कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवावी लागते, नवरात्रात पाठवून उपयोग नसतो.

ई-पुस्तक किंडलवर काढताना मानधनाचे दोन दर दिसतात, ३५ आणि ७० टक्के. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-आवृत्ती ९० दिवसांच्या मुदतीने केवळ तेथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. छापील प्रतीला ही अट लागू नाही. याउलट १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकालाही लागू होतो. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी, आणि टपालाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.