आयटीआयमधून नोकरी आणि इंजिनिअरिंग: दहावीनंतर वाट कशी आखावी

दहावीचा निकाल लागला की पालक वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणतात, "सर, लवकर कामाला लागेल असा ट्रेड सांगा." आयटीआयचा शिल्पनिदेशक (प्रशिक्षक) म्हणून मी त्यांना आधी विचारतो, "पुढे शिकायचं आहे का?" कारण ती वाट उघडी राहणार की बंद होणार, हे फॉर्म भरतानाच ठरतं.

1. ट्रेडची मुदत बघा. जोडारी (फिटर), वीजतंत्री आणि तारतंत्री हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. संधाता (वेल्डर), नळ कारागीर आणि कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) एका वर्षाचे. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, तर पॉलिटेक्निकमधल्या इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एका वर्षाच्या ट्रेडवर तो करता येत नाही. एक गुणी मुलगा वेल्डिंग करून माझ्याकडे डिप्लोमाची चौकशी करायला आला होता. हात उत्तम, पण प्रवेशाच्या नियमात बसत नव्हता. त्याला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते. लगेच कमवायचं असेल तर वेल्डिंग चांगलंच आहे, फक्त माहिती घेऊन निवडा.

दहावी नापास मुलांनाही तारतंत्री, संधाता अशा काही ट्रेडला प्रवेश मिळतो. दहावीचे राहिलेले विषय मात्र सोडवून टाका.

2. संस्था प्रत्यक्ष बघून या. त्या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, ते विचारा. मग वर्कशॉपमध्ये डोकवा. मशीन चालू आहेत की त्यांच्यावर धूळ बसली आहे? मुलांच्या हातात जॉब (घडवायला दिलेल्या वस्तू) आहेत का?

3. अर्ज आणि विकल्प. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर, फेऱ्यांनी होतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आधीच काढून ठेवा. पहिला विकल्प, म्हणजे संस्था आणि ट्रेडची पहिली पसंती, विचार करून भरा. तोच मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडाल. चांगल्या संस्थेत वीजतंत्रीच्या जागेसाठी गुणही चांगलेच लागतात, तेव्हा जोडारीसारखे विकल्पही यादीत ठेवा.

4. दोन वर्षं मन लावून करा. फिटरच्या मुलाच्या हातात सुरुवातीला कानस येते. वाइसमध्ये लोखंडी पट्टी धरायची, घासायची, मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायची. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायची. खांदे भरून येतात, मुलं कंटाळतात. पण व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर 0.02 मिलिमीटर वाचणारी नजर याच दिवसांत तयार होते. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग हे विषय अंगावर येऊ देऊ नका, डिप्लोमाला गेल्यावर आमची मुलं गणितातच अडखळतात.

5. शिकाऊ उमेदवारी करा. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येतं. अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. शेवटी परीक्षा होऊन वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ठरावीक ट्रेडच्या आयटीआय प्रमाणपत्रावर रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची (सहायक इंजिनचालकाची) परीक्षा देता येते. महावितरणमध्ये विद्युत सहायक पदासाठी वीजतंत्री-तारतंत्रींना मागणी असते.

6. पदवीकडे जायचं असेल तर. दोन वर्षं आयटीआय, दोन वर्षं डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षापासून तीन वर्षं, अशी एकूण सात वर्षं. बारावीमार्गे सहा लागतात. म्हणजे फरक एका वर्षाचा, आणि तोवर हातात कसब असतं. थेट दुसऱ्या वर्षाचा हा पदवी प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी द्यावी लागत नाही. इंजिनिअरिंग नको असेल तर राज्य मंडळाकडून भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. तिची प्रक्रिया संस्थेच्या कार्यालयात विचारा.

7. नावाचं स्पेलिंग तपासा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि आयटीआयची नोंदणी या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एका अक्षराच्या फरकाने कागदपत्र पडताळणीत मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. दुरुस्ती पहिल्या वर्षीच करून घ्या.