मामांचा मुखवटा: संगमरवरात चेहरा घडवायला शिकणाऱ्यांसाठी

शाडूत डोकं उभं करता येतं, प्लास्टरचा साचा घेता येतो, दातेरी छिन्नी कधी आणि चपटी कधी हे कळतं, असं धरून चालतो. इटलीत आलो तेव्हा मलाही तेवढं येत होतं. त्याच भरवशावर मी सहा महिने आणि काराराच्या खाणीतला एक उत्तम संगमरवर घालवला.

पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचे अर्धपुतळे इतके जिवंत कसे, याचं एक तयार उत्तर मी वाचलं होतं: ते लोक चेहऱ्यावरून साचे घ्यायचे. हे खोटं नाही. चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीच्या हस्तपुस्तिकेत त्याची कृती आहे, श्वासासाठी नाकपुड्यांत धातूच्या नळ्या घालण्यापासून. शिल्पकार अंतोनियो रोस्सेलिनोने १४५६ साली घडवलेला वैद्य जोवान्नी केल्लिनींचा पुतळा अशाच साच्यावर बेतलेला असावा, असं अभ्यासक मानतात. मग सुट्टीत घरी आल्यावर मी मामांना चटईवर आडवं केलं, चेहऱ्याला तेल चोपडलं आणि प्लास्टर ओतलं. परत जाऊन पॉइंटिंग मशीन, म्हणजे साच्यावरच्या बिंदूंची मापं जशीच्या तशी दगडावर नेणारं उपकरण, लावून बिंदू न् बिंदू दगडात उतरवला. आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "दादा आजारी होता का रे तेव्हा?"

इथे नीट थांबा, कारण सगळी फसगत इथेच आहे. आडव्या माणसाचे गाल कानांकडे ओघळतात. वर प्लास्टरचं वजन येतं, ओठ मिटून दाबले जातात, डोळे तर बंदच असतात. म्हणजे साच्यात हाडं खरी येतात, पण मांस झोपलेलं येतं. ते मांस उभं करणं, पापण्या उघडणं, नजर देणं हे साच्यात कुठेच नसतं. ते रोस्सेलिनोने छिन्नीने केलं. मी फक्त मापं नेली होती.

दुसरं म्हणजे रंग. मामांच्या डोळ्यांखाली काळसर छटा आहे, ओठ गडद आहेत. दगड सगळीकडे पांढराच. पुढे सतराव्या शतकात शिल्पकार बर्निनीने हे नेमकं सांगितलं: ओळखीच्या माणसाने चेहरा पांढरा फासला तर तो ओळखू येत नाही, म्हणून डोळ्याभोवतीचा काळसरपणा दाखवायला तिथला दगड प्रत्यक्षापेक्षा खोल काढावा लागतो. रंगाच्या जागी सावली. माप चुकवल्याशिवाय चेहरा बरोबर दिसत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात बेनेदेत्तो दा मायानोने १४७४ साली केलेला पिएत्रो मेल्लिनी आहे. म्हातारा व्यापारी, अंगात वेलबुट्टीचं जड वस्त्र, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. समोरून पाहून निघू नका. बाजूला जा आणि डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या पाहा. सगळ्या सारख्या खोल नाहीत, काही नुसत्या कानशीच्या स्पर्शाएवढ्या आहेत. मग खाली वाका. हे पुतळे पुष्कळदा दारावर, उंचावर बसायचे. रोस्सेलिनोचाच मात्तेओ पाल्मिएरी (१४६८) घराच्या दारावर होता, पावसाने त्याचं नाकडोळं झिजलंय. तरी माणूस ओळखीचा वाटतो. का? डोक्याचा तोल आणि मानेचा ताण शाबूत आहे. म्हणून सुरकुत्यांच्या आधी मान.

पॉइंटिंग मशीन पहिली दोन वर्षं हातात धरू नका, हे माझं ठाम मत. आणि जो शिक्षक तुमच्या दगडावर स्वतः छिन्नी चालवून "असं" म्हणतो, त्याच्याकडून लवकर निघा. माझ्या बाईंनी कधी माझा दगड शिवला नाही. कंदील हातात घेऊन त्या चेहऱ्याभोवती फिरवायच्या आणि विचारायच्या, कुठे मेला? पापणीचा टवका उडेल, उडणारच. घाबरू नका, पापणी अर्ध्या मिलिमीटरने मागे घेता येते. नाकाचं मात्र तसं नाही, तिथे शेवटपर्यंत दगड राखून ठेवा.

सध्या दुसरा दगड लावलाय. मामा आता समोर खुर्चीत बसतात, व्हिडिओवर, आणि मी काम करत असताना त्यांना बोलत राहा असं सांगावं लागत नाही. खालच्या ओठाखालची सावली मी मुखवट्यापेक्षा तीन मिलिमीटर खोल नेली आहे. डावा डोळा अजून उघडायचाय.