ओव्हरक्लॉक केलेल्या प्रतिस्पर्धी प्रोसेसरांची उष्णता आणि वीज कशी ताडून पाहावी

‘माझा ८० अंशांवर थांबतो, तुझा ९५ ला जातो, म्हणजे तुझाच जास्त तापट.’ प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवणाऱ्या, इंटेलवाल्या आणि एएमडीवाल्या मंडळींच्या भांडणात हे वाक्य हमखास येतं. दोन्ही आकडे खरे असतात, निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा फसलेला असतो. पेटत्या काडीची ज्योत बादलीभर कढत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापमानाची असते, म्हणून काडीने खोली उबदार होत नाही. प्रोसेसरचंही तसंच आहे. तो जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १५० वॅट घेणारा प्रोसेसर खोलीत १५० वॅट उष्णता सोडणार, मग त्याचा सेन्सर ७० दाखवो की ९५.

मग अंश वेगळे का दिसतात? मुख्य कारण जागा. एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्समध्ये सगळे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारे भाग, साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या एका छोट्या तुकड्यावर आहेत आणि पूर्ण प्रोसेसरला १४२ वॅटपर्यंत मुभा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१३९००केची सिलिकॉनची चकती साधारण २५७ चौरस मिलिमीटरची आणि मर्यादा २५३ वॅट. एएमडीच्या १४२ वॅटमधला थोडा वाटा मेमरी वगैरेंशी देवाणघेवाण करणाऱ्या शेजारच्या आयओ चिपचा आणि इंटेलच्या चकतीवर ग्राफिक्सचा भागही आहे, हे धरलं तरी दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता छोट्या तुकड्यावर बरीच दाट होते. प्रोसेसरवरचा कूलर कितीही दांडगा असला तरी नखाएवढ्या जागेतून उष्णता वर खेचणं त्याला जड जातं. त्यात एएम५ (७७००एक्स ज्यात बसतो ते एएमडीचं सॉकेट) प्रोसेसरांचं वरचं धातूचं झाकण जुने कूलर बसावेत म्हणून जाड ठेवलेलं आहे. त्यामुळे ७७००एक्स कमी वीज खाऊनही चटकन ९५ ला पोचतो. ९५ अंश ही त्याची ठरवून दिलेली कमाल पातळी आहे, तिथे पोचणं म्हणजे बिघाड नव्हे. १३९००केची कमाल १०० आहे, एएमडीच्याच ७८००एक्स३डीची ८९.

सेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, याचं जुनं उदाहरण २०१७ सालचं. रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्यापेक्षा २० अंश जास्त तापमान कळवायचे. पंख्यांचं वागणं सगळ्या मॉडेलांवर सारखं राहावं म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. ज्यांना ते माहीत नव्हतं, त्यांनी ‘केवढा तापतो’ म्हणून बोंब मारली.

एवढं डोक्यात ठेवून आता कामाला लागू.

पायरी १: दोघांना एकाच मैदानावर आणा

कूलर एकच, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा लेप) एकच, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड तेच. मदरबोर्ड वेगळा असणारच, त्याला इलाज नाही. रॅमचा वेग आणि टायमिंग शक्य तितकं सारखं ठेवा, कारण एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग, चालू केली की मेमरी कंट्रोलरची वीजही वाढते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पंख्यात. पंखा आपोआप चालू दिला की तापणाऱ्या प्रोसेसरला जास्त वारा मिळतो आणि तुलनेचा विचका होतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन पंखा एका ठरावीक वेगावर बांधून टाका, समजा मिनिटाला १,२०० फेरे.

खोलीचं तापमान भिंतीवरच्या घड्याळात बघू नका. साधा थर्मामीटर कूलर जिथून हवा ओढतो तिथे, हातभर अंतरावर ठेवा. आणि कूलर एकदा बसवून झाल्यावर काढून, पुसून, पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. दोन वेळच्या आकड्यांत चारपाच अंशांचा फरक आला तर तो प्रोसेसरचा गुण नसून तुमच्या स्क्रू आवळण्याचा आहे.

पायरी २: ‘मूळ’ म्हणजे काय ते ठरवा

खोक्यावरच्या वॅटांची तुलना निरर्थक आहे. इंटेल १३९००केसाठी १२५ वॅट ही पायाभूत आणि २५३ वॅट ही टर्बोची, म्हणजे प्रोसेसर आपणहून वेग वाढवतो तेव्हाची, कमाल वीज सांगते. एएमडी ७९५०एक्सवर १७० वॅट टीडीपी (कूलर निवडण्यासाठी सांगितलेले वॅट) लिहिते, पण मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत जाऊ देते. त्या मर्यादेला पीपीटी म्हणतात आणि ती टीडीपीच्या साधारण १.३५ पट असते. म्हणजे १२५ विरुद्ध १७० असा सामना नाहीच, तो २५३ विरुद्ध २३० असा आहे.

त्यातही मदरबोर्ड मध्ये नाक खुपसतो. मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवून ‘विनाओव्हरक्लॉक’ आकडे काढले आणि नंतर लक्षात आलं की बोर्डाने पहिल्या दिवसापासून वीजमर्यादा उठवून ठेवली होती. ज्याला मी मूळ स्थिती समजत होतो ती मूळ नव्हतीच. वही फाडून पुन्हा श्रीगणेशा. म्हणून बायोसमध्ये इंटेलसाठी पीएल१ (दीर्घकाळची वीजमर्यादा) आणि पीएल२ (टर्बोची मर्यादा), एएमडीसाठी पीपीटी हे आकडे स्वतः टाका. ‘ऑटो’ हा आकडा नाही.

बायोस आधी अद्ययावत करून घ्या. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरतेची तक्रार निघाली होती. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोसमार्फत प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) आला आणि त्याने व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. जुन्या बायोसवर काढलेले आकडे आज कुणाच्या उपयोगाचे नाहीत, आणि प्रोसेसरच्या तब्येतीचा प्रश्न आहेच.

पायरी ३: वीज एकाच जागी मोजू नका

एचडब्ल्यूइन्फोसारख्या सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवरचा, म्हणजे पूर्ण प्रोसेसरच्या विजेचा, आकडा मिळतो. सुरुवातीला तो पुरे. पण रायझनमध्ये हा आकडा मदरबोर्डने कळवलेल्या करंटवर उभा असतो, आणि बोर्डाने करंट कमी कळवला तर प्रोसेसर स्वतःला काटकसरी समजून जास्त ओढतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ही तफावत दाखवणारी एक वेगळी ओळ आहे. पूर्ण भार असताना, मूळ सेटिंगवर ती १०० टक्क्यांच्या आसपास हवी.

भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॅटमीटर खोटं बोलत नाही, पण तो सगळ्या घराण्याचं सांगतो: ग्राफिक्स कार्ड, पंखे, पॉवर सप्लायची स्वतःची गळती. समजा भिंतीवर ३०० वॅट दिसले आणि पॉवर सप्लाय ९० टक्के कार्यक्षम असेल, तर आत पोचतात २७०.

खरी मजा १२ व्होल्टच्या केबलवर आहे. प्रोसेसरच्या आठ पिनी केबलमधल्या पिवळ्या किंवा १२ व्होल्टच्या तारा एकत्र धरून त्यांवर क्लॅम्प मीटर, म्हणजे तारांभोवती चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा मीटर, लावायचा. मीटर डीसी मोजणारा हवा, फक्त एसीवाला इथे शून्य दाखवत बसेल. १५ अँपिअर आले की १५ गुणिले १२, म्हणजे १८० वॅट. यात व्हीआरएमची (१२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे कमी व्होल्ट करणाऱ्या मदरबोर्डवरच्या भागाची) गळती धरलेली असते, त्यामुळे हा आकडा सॉफ्टवेअरपेक्षा थोडा वरच येतो. सॉफ्टवेअरहून खाली आला तर काहीतरी गडबड आहे, सगळ्या तारा क्लॅम्पमध्ये आल्यात का ते आधी बघा.

पायरी ४: भार निवडा आणि थांबा

सिनेबेंच आर२३ या रेंडर करून गुण देणाऱ्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी हा बरा मध्यममार्ग. प्राइम९५ या गणिती सॉफ्टवेअरची ‘छोट्या एफएफटी’ची (सगळ्यात जड आकडेमोडीची) चाचणी प्रोसेसरचा घाम काढते, पण रोजच्या वापरात तसा भार क्वचित येतो. एकावर सिनेबेंच आणि दुसऱ्यावर प्राइम९५ अशी खिचडी मात्र करू नका. पाण्याचा कूलर असेल तर दहा मिनिटंही अपुरी, कारण आतलं पाणी तापून स्थिरावायला अर्धा तास लागू शकतो. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या, क्षणिक कमाल आकडा सोडून द्या.

पायरी ५: वेग वाढवा, पण हिशेबाने

प्रोसेसर काम करताना घेतो ती वीज ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. समजा ५.० गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट पुरत होते आणि ५.३ साठी १.३५ लागले. वेग वाढला ६ टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला जवळजवळ १७ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की वीज वाढली साधारण २४ टक्के. शिवाय चिप तापली की गळतीचा, म्हणजे काम न करता वाया जाणारा, करंट वाढतो आणि वॅट आणखी चढतात. म्हणून एका वेळी एकच पायरी: १०० मेगाहर्ट्झ वाढवा, मोजा, वहीत लिहा.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर ही बायोसमधली सोय वापरून व्होल्टेज खाली आणत असाल तर एका फसगतीपासून जपा. व्होल्टेज फार कमी पडलं की प्रोसेसर पडद्यावर ५.३ दाखवतो आणि आत गुपचूप मंद चालतो. एचडब्ल्यूइन्फोमधली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ची (प्रत्यक्ष वेगाची) ओळ आणि चाचणीचे गुण दोन्ही बघा. वॅट कमी झाले आणि गुणही कमी झाले, तर तुम्ही काही कमावलेलं नाही.

पायरी ६: वहीतल्या आकड्यांचं काय करायचं

आधी तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेल्याला वॅटांनी भागा. उदाहरणादाखल, खोली २६ अंश. पहिला प्रोसेसर ८४ अंश आणि २२० वॅट: ५८ भागिले २२०, म्हणजे दर वॅटमागे ०.२६ अंश. दुसरा ८६ अंश आणि १५० वॅट: ६० भागिले १५०, म्हणजे ०.४०. दोघांचे अंश जवळपास सारखे, पण दुसऱ्यातून उष्णता बाहेर काढणं अवघड आहे आणि खोली जास्त तापवणारा आहे पहिला. मोठा कूलर पहिल्याच्या कामी येईल, दुसऱ्याला त्याचा फायदा थोडाच.

मग एका कामाला लागलेली ऊर्जा काढा. तोच रेंडर पहिल्याने २४० वॅटवर ३०० सेकंदांत संपवला, तर ७२,००० ज्यूल, म्हणजे २० वॅट-तास. दुसऱ्याने १७० वॅटवर ४०० सेकंद घेतले, तर सुमारे १८.९ वॅट-तास. वॅटांत केवढी दरी दिसत होती, कामाच्या हिशेबात ती जेमतेम उरली. आता पहिल्याला वरचं ५.३ चं ओव्हरक्लॉक लावा: २९७ वॅट, २८३ सेकंद, सुमारे २३.३ वॅट-तास. सतरा सेकंद वाचले आणि ऊर्जा १७ टक्के जास्त गेली. हे १७ टक्के म्हणजे व्होल्टेजच्या वर्गातली तीच वाढ.

शेवटी, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी, सारख्या विजेची चाचणी. दोघांनाही १५० वॅटवर बांधा आणि गुण बघा. नंतर १००, नंतर २००. प्रत्येकाचे गुण आणि वॅट आलेखावर टाकले की कुणाची रेषा कुठे सपाट व्हायला लागते ते दिसतं. त्या वळणापुढे ओव्हरक्लॉक म्हणजे निव्वळ खोली तापवणं.

रिकामा संगणक किती वीज घेतो तेही टिपून ठेवा. डेस्कटॉपवरचे चिपलेट रचनेचे, म्हणजे अनेक छोटे तुकडे जोडून केलेले, रायझन रिकामे असताना इंटेलच्या एकसंध चिपपेक्षा सहसा जास्त घेतात, आणि दिवसभर नुसता ब्राउझर उघडा असतो त्याच्यासाठी रेंडरच्या वॅटांपेक्षा हाच आकडा महत्त्वाचा. निकाल कुणाला दाखवायचे असतील तर प्रत्येक ओळीत खोलीचं तापमान, पंख्याचा वेग, वीजमर्यादा, बायोसची आवृत्ती आणि चाचणीचं नाव लिहा. नुसतं ‘८४ अंश’ लिहिलंत तर पहिल्या वाक्यातलं भांडण पुन्हा सुरू.