आधी पंखा बंद करा: घरच्या खोलीत रॅप व्होकल मिक्स करायची माझी पद्धत

माझा स्टुडिओ म्हणजे इंदूरला सुदामा नगरातल्या आमच्या घराची वरची खोली. एक पलंग, एक लोखंडी कपाट, टेबलावर लॅपटॉप, बस. मावसभाऊ रॅप करतो, अर्धं मराठी अर्धं आपलं इंदुरी हिंदी, आणि मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज आणि बीट (मागचं संगीत) नीट जुळवणं, माझ्या गळ्यात. पहिलं वर्षभर मी काय करायचो तर रेकॉर्डिंग कसंही उरकायचं आणि मग प्लगिनवर प्लगिन (सॉफ्टवेअरमधे आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम) चढवत बसायचं, आणि गाणं काही सुधरायचं नाही.

पंख्याचंच घ्या. मे महिन्यात वरच्या मजल्यावर पंखा बंद करून चार मिनिटं कोणी उभं राहून दाखवावं, म्हणून आम्ही पंखा एकवर ठेवून टेक घेतला, ऐकताना काहीच जाणवलं नाही, आणि कॉम्प्रेसर लावल्याबरोबर दर दोन ओळींच्या मधे घर्रर्र. कारण साधं आहे, कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग आपण मेकअप गेनने सगळंच वर उचलतो, ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) उचललं तर पंखाही ६ डीबी वर आला. आता आम्ही आठ-आठ बारचे (एक बार म्हणजे चार ठोके) टेक घेतो, मधे पंखा लावायचा, पाणी प्यायचं, परत बंद. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते ती गेल्याशिवाय रेकॉर्ड बटणाला हातच लावायचा नाही, एका टेकमधे तिचं आख्खं कडवं आलंय आमच्या.

गोधड्या सगळे माइकच्या मागे टांगतात. उलटं करा. साधा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याला सरळ दिसते. गोधडी तिथे हवी, गाणाऱ्याच्या मागे. आणि खोली अगदीच रिकामी असेल तर महागड्या कंडेन्सरच्या (खोलीतलं बारीकसारीकही पकडणाऱ्या माइकच्या) नादी लागू नका, शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक (१९६६ पासून चालतोय बिचारा) तोंडापासून चार बोटांवर धरा, खोली आपोआप कमी ऐकू येते. कंडेन्सर असेल तर एक वीत अंतर आणि मधे पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). माइक थोडा तिरका ठेवा, नाहीतर आपले भ, फ, प असे काही धडकतात की विचारू नका. २४ बिटमधे रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरात ओरडला तरी पीक, म्हणजे आवाजाची सगळ्यात उंच उडी, मायनस १० डीबीच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला तर तो टेक गेला, नंतर काही होत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. मी रीपर वापरतो, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, पर्सनल लायसन्स ६० डॉलर, आणि त्याच्यातच आलेले ईक्यू (आवाजातले जाड-बारीक भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारं प्लगिन) आणि कॉम्प्रेसर पुरेसे आहेत.

आता खरी गोष्ट. पहिलं मिक्स मी आईला ऐकवलं, ती कणीक मळत होती, तिने विचारलं, "गल्लीत काय वाढलं रे?" ओळ होती "याच गल्लीत वाढलो". मी परत ऐकलं तर खरंच 'लो' गायब होता! मग लक्षात आलं की मराठीत क्रियापद येतं शेवटी, दमही संपतो शेवटी, आणि यमकही तिथेच बसलेलं असतं, म्हणजे ओळीतलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर भाऊ सगळ्यात हळू म्हणतो. कॉम्प्रेसर हे एकट्याने सुधरवत नाही. तुम्हाला हाताने करावं लागतं: प्रत्येक ओळ तोडा, शेवटची दोन अक्षरं क्लिप गेनने (फक्त त्या तुकड्याचा आवाज बदलून) २ ते ३ डीबी वर घ्या, ओळीच्या सुरुवातीचा दणका तेवढाच खाली, आणि श्वास पूर्ण कापू नका, फक्त ५-६ डीबी कमी करा, श्वास काढून टाकले की माणूस रोबोटसारखा वाटतो. सोळा बारला मला पाऊण तास लागतो. कंटाळवाणं आहे पण अर्धं मिक्स इथेच होतं, आणि पुढचे सगळे प्लगिन अचानक शहाण्यासारखे वागायला लागतात.

मग ईक्यू. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं हाय-पासने (खालचे जाड सूर अडवणाऱ्या फिल्टरने) काढून टाका, तिथे आवाज नसतो, टेबलाचे धक्के असतात, आणि ती जागा बीटमधल्या ८०८ ची, म्हणजे खोल बेसची आहे. आवाज मटक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल तर २५० ते ४०० मधे शोधून २-३ डीबी कमी करा. शब्द उठावदार हवे असतील तर ३ ते ५ किलोहर्ट्झमधे थोडंसं वाढवा, थोडंसं म्हणजे खरंच थोडंसं. हे सगळं बीट चालू ठेवून करा, सोलो करून (व्होकल एकटाच वाजवून) नाही. सोलोमधे छान वाटणारा आवाज बीटमधे गेला की बुडतो, हे मी किती वेळा करून बसलोय.

कॉम्प्रेसर एक भारी लावण्यापेक्षा दोन हलके लावा. पहिला फास्ट, रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (किती लवकर दाबायचं) ५ मिलीसेकंदच्या आसपास, रिलीज (किती लवकर सोडायचं) ५० च्या जवळ, फक्त उड्या पकडायच्या, ३-४ डीबी. दुसरा संथ, २:१, त्याने २-३ डीबी. जुन्या स्टुडिओत हेच ११७६ आणि एलए-२ए या दोन कॉम्प्रेसरच्या जोडीने करतात, आणि तुमच्याकडे ११७६ चं प्लगिन असेल तर एक ध्यानात ठेवा, त्याचे अटॅक-रिलीजचे नॉब उलटे असतात, उजवीकडे फिरवलं की फास्ट. अटॅक फार फास्ट केला तर क, ट, त बोथट होतात आणि रॅप रॅप राहत नाही.

डी-एसरचं (स-च ची टोचणारी धार दाबणारं प्लगिन) तर वेगळंच. मराठीतला 'चोर' आणि हिंदीतला 'चोर' म्हणून बघा. आपला च दातांमागून येतो, त्स सारखा, त्याची धार वरच्या, बारीक सुरांत जास्त असते, हिंदीतल्या च ची खाली. भाऊ एकाच कडव्यात दोन्ही म्हणतो, म्हणून तयार प्रीसेट लावून काम भागत नाही. ५ ते ८ किलोहर्ट्झमधे फिरवत फिरवत जिथे 'चांगला', 'चटका' कानाला टोचतात ती जागा कानाने शोधा, ३-४ डीबी दाबा, आणि बोबडं वाटायला लागलं की एक पाऊल मागे या.

बीट बहुतेकांकडे एकच फाइल असते, आधीच लिमिटर (आवाजाला एका पातळीच्या वर जाऊ न देणारं प्लगिन) लावून ठोकून जोरात केलेली. ती पूर्ण आवाजात ठेवून तिच्यामागे व्होकल पळवू नका, बीटच ६-८ डीबी खाली आणा. मॉनिटरचा, म्हणजे आपल्या स्पीकरचा, व्हॉल्यूम फिरवायला बंदी नाही ना भिया. तरी शब्द दबत असतील तर बीटवर डायनॅमिक ईक्यू (गरज पडेल तेव्हाच दाबणारा) टाका, साइडचेन व्होकलची द्या, म्हणजे तो व्होकल ऐकून दाबेल, २ ते ४ किलोहर्ट्झमधे फक्त भाऊ बोलतो तेव्हा २ डीबी बसू द्या. कोणाला कळतही नाही. (बीट 'फ्री' लिहिलेलं असलं तरी अटी वाचा, कमाई चालू झाली की फ्री राहत नाही बऱ्याचदा.)

डबल, म्हणजे तेच शब्द परत म्हणून मेन आवाजाखाली ठेवलेले टेक, सगळ्या ओळीला नको, शेवटच्या शब्दांना पुरे. एक डावीकडे, एक उजवीकडे, मेनपेक्षा ६-८ डीबी खाली, हाय-पास २०० पर्यंत, आणि त्यातले स-च जवळजवळ काढून टाका, नाहीतर तीन स एकत्र येऊन सापासारखे फुसफुसतात.

रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) कमी. छोटी रूम, प्री-डिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीची फट) ३० मिलीसेकंद, सेंडवर, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवरून. डिले (शब्दाचा प्रतिध्वनी) जास्त कामाचा, त्याचं गणित ६०००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे ९० च्या बीटला एक ठोका ६६७ मिलीसेकंद, अर्धा ३३३. तोही सतत नको, ओळ संपते त्या एका शब्दावरच उघडा.

शेवटी लिमिटर, ट्रू पीक (आवाजाची खरी कमाल उंची) मायनस १ डीबी. आवाज वाढवायची मारामारी करू नका, स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर मायनस १४ एलयूएफएसच्या (गाणं एकूण किती जोरात ऐकू येतं त्याचं माप) हिशोबाने जोरातली गाणी खाली आणतंच.

मग फोनच्या स्पीकरवर लावा, तिथे ८०८ नसतोच जवळजवळ, फक्त शब्द उरतात. आणि मग स्वयंपाकघरात. तिसऱ्या मिक्सला कुकरची शिट्टी चालू असताना आई म्हणाली, "हां, वाढलो म्हणतोय. पण दुसऱ्या ओळीत ती शिवी कशाला घातलीये?"

मी फाइल बाउन्स करून (सगळं मिळून एक गाणं बनवून) भावाला पाठवून दिली, शिवीचं ते दोघं बघतील.